चार सेकंदांचे हेडमास्तर

हेडमास्तरांचे घड्याळ मनगटावर नसे, उजव्या मुठीत असे. पट्टा तुटून बरीच वर्षे झाली होती आणि नवा घालायला ते तयार नव्हते. "मनगटावर बांधलं की माणूस घड्याळ फक्त उशीर झाल्यावर बघतो," असे त्यांचे म्हणणे. ते स्वतः घड्याळ सतत बघत, पण किती वाजले हे पाहण्यासाठी नव्हे. पाव घेऊन आलेल्या पोदेराने भोंगा वाजवल्यावर पहिले दार किती सेकंदांनी उघडते, दारातून हाक मारल्यावर आतून ओ यायला किती वेळ लागतो, देवळातल्या भजनात पखवाजवाला समेआधी किती थांबतो, हे ते मोजत. मोजून झाले की कुणाला सांगत नसत. ओठ हलत, एवढेच.

शाळा पेडणे तालुक्यात, हळर्णच्या खालच्या अंगाला नदीकाठच्या एका वाड्यावर होती. सरकारी मराठी प्राथमिक शाळा, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. हेडमास्तर चौथी घेत, सुलभाबाई तिसरी, आणि पहिली-दुसरी मिळून माझ्याकडे. गोवा घटक राज्य झाला त्या सुमाराची ही गोष्ट. मी तिथे तीन वर्षे होतो, त्यानंतर पणजीला वर्तमानपत्रात गेलो.

हेडमास्तर मूळ मांद्र्याचे. आठवडाभर शाळेजवळ एका खोलीत राहत आणि शनिवारी दुपारच्या बसने घरी जात. उंच, वाकलेले, सदऱ्याच्या खिशाला जांभळा डाग. हा डाग जेलीचा होता.

जेलीची हकिकत अशी. चाचणी परीक्षा आली की आम्ही तिघे तीन दिवस शाळा सुटल्यावर बसून प्रश्नपत्रिका हाताने लिहीत असू. जवळचे छपाईयंत्र पेडण्याला, तेही दुसऱ्या कचेरीचे. हेडमास्तरांना हे सहन होईना. "शिक्षकाचा हात शिकवण्यासाठी आहे, नकलण्यासाठी नाही," असे म्हणून त्यांनी एका जुन्या पुस्तकातून कृती शोधली. म्हापशाच्या फार्मसीतून जिलेटिन आणि ग्लिसरीन आणले, त्यात साखर घालून शिजवले आणि पोदेराकडून आणलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ओतून थिजवले. जांभळी शाई सोडणाऱ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेला कागद या जेलीवर पालथा दाबायचा, थोड्या वेळाने उचलायचा, मग एकेक कोरा कागद दाबला की जांभळी नक्कल उठते. पहिल्या दिवशी तीस प्रती अर्ध्या तासात निघाल्या. हेडमास्तर त्या प्रतींकडे मूल झालेल्या घरातल्या माणसासारखे पाहत होते.

वाचलेल्या वेळाचे काय केले हे त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला विचारले. सुलभाबाई म्हणाल्या, पुढच्या धड्याची तयारी केली. मी म्हणालो, झोपलो. ते थोडा विचार करून म्हणाले, "योग्य. दमलेला मास्तर काय शिकवणार?"

तिसऱ्या दिवशी जेलीला मुंग्या लागल्या. साखरेचे प्रमाण थोडे अधिक पडले होते. मुंग्यांनी ट्रेचा मधला भाग पोखरला आणि गणिताच्या पेपरात तिसऱ्या प्रश्नाच्या जागी सर्व प्रतींवर कोरी पट्टी उठली. हेडमास्तरांनी प्रश्न रद्द केला नाही. फळ्यावर लिहिले, "प्रश्न तिसरा तुम्हीच तयार करा आणि सोडवा." पुढे कित्येक दिवस ते सांगत, की त्या परीक्षेत सगळ्यांत कठीण प्रश्न तिसरा होता, आणि तो मुलांनी स्वतःच स्वतःला घातला होता. नंतरच्या ट्रेला त्यांनी पाय लावले आणि ते पाण्याच्या चार वाट्यांत ठेवले.

टेप आला तो त्यांच्या पुतण्यामुळे. पुतण्या आखातात होता आणि सुट्टीवर येताना त्याने काकांसाठी रेडिओ आणि टेप एकत्र असलेले यंत्र आणले. काकांनी भजने ऐकावीत अशी त्याची कल्पना. काकांनी ते सोमवारी पिशवीत घालून शाळेत आणले आणि आमच्यासमोर टेबलावर ठेवले.

"यात आपले पाठ भरायचे," ते म्हणाले.

"मुलांक ऐकवूक?" सुलभाबाईंनी विचारले. त्यांचे माहेर बांद्याचे, सासर वाड्यावरचेच.

"मुलांनी एकदा ऐकलेत, तेवढं पुरे. आपल्याला ऐकवायला."

नियम त्यांनी त्याच दिवशी घातला. आठवड्यातून एक पाठ भरायचा. दुसऱ्या दिवशी ज्याचा पाठ त्यानेच, कपाटामागे स्टूल टाकून, एकट्याने ऐकायचा. दुसऱ्या कुणी ऐकायचा नाही. शनिवारी फक्त एवढेच सांगायचे की आपण काय बदलणार. "दुसऱ्याने ऐकलं की ती तपासणी होते," ते म्हणत. "आपलं आपण ऐकलं की शिक्षण."

मी माझा पहिला पाठ ऐकला तेव्हा कळले की प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी "बरोबर?" म्हणतो आणि ते बरोबर आहे की नाही हे कुणालाही सांगू देत नाही. शनिवारी ते सांगितले. हेडमास्तर म्हणाले, "बरोबर."

कॅसेटी पुतण्याच्याच होत्या, गाण्यांवर पाठ भरलेले. त्यामुळे अपूर्णांक संपले की लगेच एखादी गायिका मधल्याच ओळीपासून सुरू होई. वाड्यावर वीज होती, पण दुपारची असेलच असे नाही, म्हणून सेल वापरत. सेल उतरले की हेडमास्तर ते कुंपणाच्या भिंतीवर उन्हात मांडत आणि दुपारी पुन्हा घालत. येणारे-जाणारे विचारत, "मास्तरानूं, काय सुकत घातलास?" ते म्हणत, "आवाज."

याच काळात राजभाषेचा वाद तालुक्यात घरोघर होता. एका आठवड्यात कोंकणीवाले सहीला आले, पुढच्या आठवड्यात मराठीवाले. हेडमास्तरांनी दोघांनाही एकच उत्तर दिले. "आमच्या शाळेतली मुलं सध्या कुठल्याच भाषेत बोलत नाहीत. त्यांनी तोंड उघडलं की कळवतो." दोन्ही गटांनी त्यांना विरुद्ध बाजूचे ठरवले. पेडण्याच्या एका सभेत वक्त्याने तासभर "हे आम्ही सहन करायचं का?" छापाचे प्रश्न विचारले. शेवटी हेडमास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "आपण एकोणीस प्रश्न विचारलेत. एकाचंही उत्तर घ्यायला थांबला नाहीत."

"तुम्ही कुठल्या बाजूचे?" एका कार्यकर्त्याने विचारले.

"चौथीचा," ते म्हणाले आणि बसले.

मुले बोलत नाहीत, हे मात्र खरेच होते, आणि त्याचा फटका सुलभाबाईंना बसणार होता. त्या तात्पुरत्या नेमणुकीवर होत्या. मागच्या तपासणीत भागशिक्षणाधिकाऱ्यांनी, म्हणजे सगळे ज्यांना इन्स्पेक्टर म्हणत त्यांनी, शेरा मारला होता, "वर्ग निष्क्रिय, विद्यार्थी उत्तरे देत नाहीत." पुढच्या तपासणीत शेरा चांगला आला तर नोकरी कायम, पुन्हा तसाच आला तर जूनपासून घरी. त्यांचे यजमान डिचोलीला खाणीच्या ट्रकवर होते. पावसाळ्यात खाण बंद, ट्रक उभा. चार महिने घर बाईंच्या नोकरीवर चालत असे.

बाईंनी स्वतःच नियम मोडला. एका शनिवारी कॅसेट हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सर, तुमी ऐका. माका कळना खंय चुकता ता."

त्यांनी ऐकली. मूठ उघडून घड्याळ समोर ठेवले आणि कागदावर रेघा मारल्या. बाजूला बाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

"माझो आवाज असो चिरको?" बाई मध्येच म्हणाल्या.

"सगळ्यांचा असतो. आवाजाचं सोडा. तुम्ही प्रश्न विचारल्यावर किती थांबता?"

"थांबतंय मां."

"एक सेकंद. त्यानंतर तुम्हीच उत्तर देता. बाई, हे पोर घरी बोलतं वेगळं. तुमचा प्रश्न पुस्तकातल्या मराठीत जातो. त्याने तो घरात न्यायचा, तिथे उत्तर शोधायचं, ते पुन्हा शाळेचा सदरा घालून आणायचं. एका सेकंदात पायरीसुद्धा चढून होत नाही."

"मगे किती थांबू?"

"चार."

"चार सेकंद म्हणजे काय, सर. तेवढ्यात व्हतलाच."

"थांबून बघा."

बाईंनी थांबून पाहिले. पहिल्या दिवशी प्रश्न विचारून त्या पदराआड बोटांवर चार मोजू लागल्या, तेव्हा वर्गात इतकी शांतता पसरली की मी माझ्या वर्गातून उठून पाहायला गेलो. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमका बरां नाय काय?" दोन दिवसांनी एका मुलाची आई शाळेत आली. "मास्तरानूं, तुमची बाई विचारतत आणि गप रवतत म्हणे. घरात काय झालां काय तेंच्या?"

दुसऱ्या आठवड्यात उत्तर आले. मग दुसरे. ती पुस्तकी मराठीत नव्हती, घरच्या बोलीत होती, आणि बाई तीच फळ्यावर पुस्तकी शब्दांत लिहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिसरीचा वर्ग इतका बोलू लागला की मला पहिलीला अक्षरे ओरडून सांगावी लागत. हेडमास्तर व्हरांड्यात मूठ कानाजवळ धरून उभे राहत. आम्हाला वाटे घड्याळ ऐकतात. ते तिसरी ऐकत होते.

इन्स्पेक्टर जानेवारीत आले. गृहस्थ चांगले होते, पूर्वी स्वतः नावाजलेले शिक्षक. तिसरीत मागच्या बाकावर बसले. शेजारी हेडमास्तर, आणि त्या दोघांमागच्या खिडकीत टेप. हा काय प्रकार म्हणून त्यांनी विचारले, हेडमास्तरांनी "पाठ भरतो," एवढेच सांगितले.

विषय नदीचा होता. बाईंनी प्रश्न विचारला, "मे महिन्यात आपल्या नदीचं पाणी खारट का लागतं?" आणि त्या थांबल्या. इन्स्पेक्टर पुढे वाकले, वर्गाकडे पाहिले, बाईंकडे पाहिले. शांतता त्यांच्या अंगावर आल्यासारखी दिसत होती. मग ते बोलले. पुढच्या प्रश्नालाही बोलले. पाठ संपल्यावर त्यांनी तपासणी वहीत कच्चा शेरा लिहिला, "पाठास गती नाही. शिक्षिका प्रश्न विचारून स्तब्ध राहतात. विषयाची तयारी अपुरी." पक्का अहवाल आठवड्याच्या शेवटी पुढे जायचा होता.

ते गेल्यावर बाईंनी वही वाचली आणि शांतपणे हेडमास्तरांच्या पुढ्यात ठेवली.

"सर, आदी मी बोलत होतंय म्हणून शेरो. आता गप रवलंय म्हणून शेरो. जूनात माका घराकडे बसूचा लागतला, तेवां तुमचे चार सेकंद घेवन काय करू?"

बाई गेल्यावर हेडमास्तरांनी कॅसेट मागे फिरवली आणि मला बसायला सांगितले.

बाईंचा प्रश्न आला. दोन सेकंद गेले. मग इन्स्पेक्टरांचा भरदार आवाज, "अरे, सोपं आहे. भरती, भरती. सांगा पाहू." आणि त्याच्या पाठोपाठ, यंत्राच्या अगदी जवळून, एक कुजबुज: "पाऊस नसता म्हण गो. पाऊस म्हण." या दोन आवाजांच्या खाली एक बारीक आवाज सुरू झालेला होता, "दर्याचां पाणी वर येता, आणि वयलां..." तो तिथेच थांबला होता.

हेडमास्तरांनी पुन्हा मागे फिरवून ऐकले. तिसऱ्यांदाही.

"ही कुजबुज कुणाची?" त्यांनी विचारले.

"तुमची, सर."

"मी असं म्हणालो?"

"म्हणालात."

"पोरगी सांगतच होती," ते म्हणाले. "वरून येणाऱ्या पाण्याचंही पूर्ण सांगितलं असतं तिने. दोघांनी मिळून तिचं तोंड बंद केलं." मग त्यांनी कॅसेट काढून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेडण्याला गेलो. यंत्र त्यांच्या मांडीवर, नवे सेल माझ्याकडे. इन्स्पेक्टर फायलींतून डोके वर काढून म्हणाले, "काय हो, गाणी आणलीत काय?"

"पाठ आहे. कालचा."

"तो मी ऐकला की."

"आपण बोलत होता तेव्हाचा ऐकायचा राहिला असेल."

इन्स्पेक्टर हसले. बटन दाबल्यावर स्वतःचा आवाज ऐकून त्यांनी कॉलर सारखी केली. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा कारकुनाला बाहेर जायला सांगितले. पाचव्यांदा आला तेव्हा त्यांच्या हाताखालचा पेपरवेट फिरायचा थांबला. बाईंनी सात प्रश्न विचारले होते. पाचांची उत्तरे इन्स्पेक्टरांनी दिली होती.

"मी मदत केली," ते म्हणाले.

"मीही केली. एकदा."

"तो कुजबुजणारा तुम्ही होता?"

"होय."

इन्स्पेक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. "आणि ही पोर काय म्हणत होती?"

हेडमास्तरांनी मागे फिरवून तेवढाच तुकडा लावला. बारीक आवाज आला आणि थांबला. इन्स्पेक्टर पुढच्या शब्दाची वाट पाहत कान देऊन बसले. टेपवर पुढे त्यांचाच आवाज होता. त्यांनी स्वतः बटन दाबून बंद केला.

"शेरा तर लिहून झालाय," ते म्हणाले. "वहीत खोडाखोड कशी करायची? कारण काय दाखवायचं?"

"पाठात व्यत्यय आला, असं दाखवा."

"कुणी आणला?"

"दोघांनी. आपल्यावर शेरा मारायचा अधिकार वरच्यांना. माझ्यावर आपण मारू शकता."

"यंदा शिक्षक पुरस्काराला तुमचं नाव पाठवणार होतो. असा शेरा असला तर पाठवता येणार नाही, हे कळतं ना तुम्हाला?"

"बाईंचा अहवाल याच आठवड्यात जाईल ना?" हेडमास्तरांनी विचारले.

परतीच्या बसमध्ये ते एवढेच म्हणाले, की नवे सेल उन्हात घातलेल्या सेलांपेक्षा बरे चालतात.

सुलभाबाईंच्या कायम नेमणुकीचा कागद मे महिन्यात आला. त्याच पाकिटातून हेडमास्तरांसाठी ताकीद आली, "पाठ चालू असताना मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांना उत्तरे सांगू नयेत." तिच्या त्यांनी जेलीवर नकला काढल्या आणि एक मला, एक बाईंना दिली. "उपयोगी सूचना आहे," ते म्हणाले. "फक्त मुख्याध्यापकांपुरती का ठेवली कळत नाही." बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. वर्गात जाऊन त्यांनी हजेरी घेतली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या सोमवारी हेडमास्तरांनी टेप सुलभाबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"आज चौथीत लावा."

"कोणाचो पाठ, सर?"

"माझा."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. इतक्या दिवसांत चौथीत टेप कधी लागला नव्हता, हे तोवर आमच्या दोघांच्याही लक्षात आले नव्हते.

पाठ भरला गेला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी मुठीतले घड्याळ बाईंच्या हातात दिले आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. बाईंनी कपाटामागे बसून पाठ शेवटपर्यंत ऐकला. मग यंत्र बंद करून त्या व्हरांड्यात आल्या.

"किती थांबतो मी?" हेडमास्तरांनी विचारले.

बाई हातातल्या घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या.

"दोन सेकंद असतील," ते म्हणाले. "दोन नाहीत? मग एक. एकाहून कमी तर नसणार. कमी आहे?"

बाई अजून काहीच बोलल्या नव्हत्या.